पेशीचे म्हातारपण आणि प्रथिनांची मोडणी: उपवास, कॅप्सूल आणि प्रत्यक्ष संशोधन

निफाडहून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहात्तर वर्षांच्या आपल्या मातोश्री गेले काही महिने रोज सोळा तास काहीही न खाता राहतात, कारण त्यामुळे ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचाच काही भाग मोडून पचवणे) सुरू होऊन पेशी पुन्हा तरुण होतात असे त्यांच्या ऐकण्यात आले आहे. त्यासोबत द्राक्षाच्या सालीतला अर्क आणि स्पर्मिडीन (गव्हाचा अंकुर, सोयाबीन अशा पदार्थांत असणारे एक रसायन) असलेली एक कॅप्सूलही त्या घेतात, आणि या काळात त्यांचे वजन चार किलोने उतरले आहे. प्रथिने मोडण्याने म्हातारपण थांबते असे रेणवीय जीवशास्त्राने खरोखर दाखवले आहे काय, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलीसाठी या विषयातला नाशिकमध्ये करता येण्याजोगा एखादा प्रयोगही आपण विचारला आहे. यीस्टच्या पेशीत प्रथिने कशी मोडली जातात या विषयावर मी नाशिकमध्ये बरीच वर्षे काम आणि अध्यापन केले असल्यामुळे उत्तर विस्ताराने देतो. मातोश्रींपुरते मात्र आधीच सांगतो: वजन उतरत असताना हा उपवास चालू ठेवू नये, आणि चार किलो कशामुळे उतरले याची डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यामागची कारणे पुढे ओघाने येतील.

पेशी म्हातारी होते ती प्रथिने मोडल्यामुळे नाही, आणि केवळ कमी मोडल्यामुळेही नाही. कोणते प्रथिन मोडायचे याची अचूक निवड करणे आणि सुरू केलेली मोडणी शेवटापर्यंत नेणे ही दोन कामे तरुण पेशी चोख करते, आणि वयानुसार ती ढिली पडत जातात. म्हणून ‘मोडणी वाढवा’ हा सल्ला अपुरा आहे, आणि काही माणसांच्या बाबतीत घातकही आहे.

शरीर एकदा घडले की त्यातील प्रथिने बऱ्यापैकी स्थिर राहतात आणि अन्नातील प्रथिने मुख्यतः इंधन म्हणून जळून जातात, असा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समज होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोएनहायमर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस नायट्रोजनचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) वापरून खुणा केलेली अमिनो आम्ले प्रौढ उंदरांना खाऊ घातली. वजन न वाढणाऱ्या त्या उंदरांच्या मूत्रातून हा नायट्रोजन लगेच बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या शरीरातील प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. याचा अर्थ जुनी प्रथिने सतत मोडली जात होती आणि त्यांच्या जागी नवी घडत होती. आज आपल्याला माहीत आहे की प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडले जाते आणि तितकेच नव्याने तयार होते, तर आहारातून मिळणारे प्रथिन याच्या जेमतेम पाव हिश्शाइतके असते. उरलेला कच्चा माल मोडणीतूनच परत मिळतो.

प्रत्येक प्रथिनाचे आयुष्य मात्र वेगळे असते. पेशीच्या विभाजनावर लक्ष ठेवणारे पी-५३ हे प्रथिन निरोगी पेशीत काही मिनिटांत निम्मे नाहीसे होते. तांबड्या रक्तपेशीतले हिमोग्लोबिन त्या पेशीबरोबर सुमारे १२० दिवस टिकते. आणि डोळ्याच्या भिंगाच्या मध्यभागातील क्रिस्टॅलिन प्रथिने जन्माआधी तयार होतात, ती आयुष्यभर बदलली जात नाहीत. भिंगाच्या त्या पेशींत प्रथिने नव्याने घडवण्याची सोयच उरलेली नसते, त्यामुळे वर्षानुवर्षांची इजा त्यांत साचते, ती एकमेकांना चिकटतात, प्रकाश विखुरू लागतात आणि मोतीबिंदू होतो. मोडणी आणि नवनिर्मिती थांबली की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शरीरात दुसरे क्वचितच सापडेल.

आता निवडीकडे वळतो. प्रथिन तोडण्यासाठी रसायनशास्त्राच्या नियमाने ऊर्जा लागू नये; आपल्या पोटातली पाचक विकरे (एन्झाइम) ती न खर्च करताच डाळीतील प्रथिन तोडतात. तरीही पेशीच्या आत मोडणीसाठी ऊर्जा खर्ची पडते, असे १९५३ मध्ये उंदराच्या यकृताच्या चकत्यांवरील प्रयोगांत दिसून आले, आणि ही विसंगती पुढची पंचवीस वर्षे अभ्यासकांना छळत राहिली. तिचे उत्तर इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील अव्हराम हर्शको आणि त्यांचे तत्कालीन विद्यार्थी आरोन चिचॅनोव्हर यांनी, फिलाडेल्फियातील अर्विन रोझ यांच्या साथीने, १९७० आणि १९८०च्या दशकांच्या सांध्यावर शोधून काढले. मोडायच्या प्रथिनावर आधी युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन जोडले जाते, त्यावर आणखी युबिक्विटिन जोडून साखळी तयार होते, आणि ही साखळी ओळखून प्रोटिएझोम नावाची पिंपाच्या आकाराची यंत्रणा त्या प्रथिनाची घडी उलगडून ते आत ओढते व त्याचे लहान तुकडे करते. ऊर्जा खर्च होते ती खूण जोडण्यासाठी आणि घडी उलगडण्यासाठी, म्हणजेच बिनचूकपणासाठी. या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खूण जोडण्याच्या शेवटच्या पायरीवर काम करणारी ई-३ जातीची विकरे माणसात सहाशेहून अधिक आहेत, आणि त्यांतील प्रत्येक विकर ठरावीक प्रथिनेच ओळखते. आपल्या जनुकसंचाने निवडीच्या कामावर किती खर्च केला आहे, हे या एका आकड्यावरून कळते.

ही यंत्रणा आपल्या बागेत आपण दरवर्षी स्वतः चालवता, हे द्राक्ष बागायतदार म्हणून आपल्याला जवळचे वाटेल. ऑक्टोबर छाटणीनंतर पोपटी घडांवर जीएची फवारणी होते, पुढे मणी तीन-चार मिलिमीटरचे झाले की मजूर मगात द्रावण घेऊन एकेक घड त्यात बुडवत ओळीने पुढे जातात. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. मण्याच्या पेशीत डेला नावाच्या कुळातील प्रथिने वाढीला लगाम घालून बसलेली असतात. जीएचा रेणू आपल्या ग्राहक प्रथिनाला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की ते ग्राहक प्रथिन डेलाला धरते, ई-३ विकर येऊन डेलावर युबिक्विटिनची साखळी जोडते, आणि प्रोटिएझोम डेलाला मोडून टाकतो. लगाम गेला की पेशी लांबतात आणि मणी फुगतो. म्हणजे डिपिंगच्या वेळी आपण वाढ ‘घालत’ नसतो. वाढ अडवणारे एक विशिष्ट प्रथिन मोडायला पेशीला भाग पाडत असतो. ज्या वेलीत हे डेला प्रथिन थोडे बिघडलेले असते आणि त्यामुळे जीए त्याला मोडायला लावू शकत नाही, ती वेल बुटकी राहते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००२ मध्ये पिनो म्यूनिए या वाणापासून मिळवलेल्या अशा वेलीचे वर्णन केले. तिच्यात ताणव्यांच्या जागी फुलोरे येतात. हरितक्रांतीतला बुटका गहूही याच कुळातल्या प्रथिनाच्या बदलामुळे बुटका आहे, आणि निफाडला गहू संशोधनाचे केंद्र असल्याने तो आपल्याला परका नाही. या उदाहरणावर मी थोडा रेंगाळलो, कारण ‘विघटन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर झीज येते. प्रत्यक्षात नेमके एक प्रथिन नेमक्या वेळी मोडणे हा पेशीचा हुकूम देण्याचा मार्ग आहे, आणि हजारो प्रथिनांतून तेवढे एकच उचलले जाणे हे त्यातले मर्म आहे.

प्रोटिएझोमला मर्यादा आहे. त्याच्या आतील वाट इतकी अरुंद आहे की एका वेळी एकच उलगडलेली साखळी आत जाऊ शकते. एकमेकांना चिकटून गोळा झालेली प्रथिने, निकामी झालेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) किंवा पेशीत शिरलेला जिवाणू त्याला पेलत नाही. त्यासाठी दुसरी व्यवस्था आहे. १९५५ मध्ये बेल्जियमचे क्रिस्तियाँ द ड्युव्ह यांनी लायसोसोम ही आम्लयुक्त, पाचक विकरांनी भरलेली पिशवी शोधली, आणि पेशी स्वतःचाच काही भाग दुहेरी पडद्यात गुंडाळून या पिशवीत नेते या क्रियेला १९६३ मध्ये त्यांनीच ऑटोफॅजी हे नाव दिले. पण ही क्रिया कोणती जनुके घडवून आणतात, हे त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे अंधारात होते.

तो अंधार यीस्टने दूर केला, आणि यीस्टही तेच, जे नाशिकच्या वाइनऱ्यांत द्राक्षरसाचे मद्य करते, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधी युक्ती केली. यीस्टमध्ये लायसोसोमचे काम रिक्तिका करते. ओसुमी यांनी रिक्तिकेतील पाचक विकरे नसलेले उत्परिवर्तित यीस्ट घेतले, ते नायट्रोजन नसलेल्या माध्यमात उपाशी ठेवले, आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत आलेला माल पचत नसल्याने तो रिक्तिकेत साचून दिसू लागला. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे दृश्य आवर्जून दाखवत असे: फेज काँट्रास्ट या सूक्ष्मदर्शक पद्धतीने पाहिल्यास रिक्तिका एरवी स्वच्छ, रिकाम्या वर्तुळासारखी दिसते, आणि उपासमारीच्या काही तासांत तिच्यात बारीक गोल कण भरतात व सतत थरथरत, एकमेकांवर आपटत राहतात. प्रत्येक कण म्हणजे पडद्यात गुंडाळून आत टाकलेला पेशीद्रव्याचा तुकडा असतो. ज्या पेशींत हे कण दिसत नाहीत त्यांत ऑटोफॅजीचे एखादे जनुक बिघडलेले असणार, या तर्काने ओसुमी यांनी १९९३ मध्ये पंधरा जनुकांचा संच शोधला. त्यांपैकी बहुतेकांची भावंडे माणसातही सापडली. २०१६ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. (स्पार्कलिंग वाइन बाटलीत मृत यीस्टच्या गाळावर महिनोन्‌महिने ठेवतात, तेव्हा यीस्टची स्वतःची विकरे त्याचीच प्रथिने मोडून अमिनो आम्ले वाइनमध्ये सोडतात आणि त्यातून तिला पावासारखा गंध येतो. पेशी मेल्यानंतरची ही मोडणी ऑटोफॅजीहून वेगळी असली, तरी त्यात वापरली जाणारी विकरे बरीचशी रिक्तिकेतलीच असतात.)

म्हातारपणाचा संबंध कुठे येतो? फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले की माणसाच्या गर्भातील फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणाऱ्या) पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत साधारण पन्नास वेळा दुप्पट होऊन थांबतात. थांबलेल्या पेशी मरत नाहीत. त्या पसरट, मोठ्या होतात आणि आजूबाजूच्या पेशींना दाह होईल असे रेणू सोडत राहतात. अशा पेशी ओळखण्यासाठी १९९५ पासून एक निळा रंग वापरला जातो. हा रंग लायसोसोममधल्याच एका विकराच्या वाढलेल्या प्रमाणामुळे येतो. थांबलेल्या पेशीत लायसोसोमचा पसारा वाढलेला असतो, तरी मोडणीचे काम सुधारलेले नसते, उलट बऱ्याचदा घसरलेले असते. तरुण फायब्रोब्लास्टमधील प्रोटिएझोम औषधाने अंशतः रोखला, तर त्या पेशी वेळेआधीच या थांबलेल्या अवस्थेत जातात, हेही दाखवले गेले आहे.

विभाजन न होणाऱ्या पेशींची अडचण वेगळी आहे. विभाजन होणारी पेशी निकामी माल दोन पेशींत वाटून पातळ करते. यीस्टची मातृपेशी तर इजा झालेली प्रथिने स्वतःकडेच राखून ठेवते, त्यामुळे तिच्या अंकुरातून येणारी कन्यापेशी कोरी सुरुवात करते आणि माता वीस-पंचवीस कन्या दिल्यावर संपते. मेंदूतल्या आणि हृदयातल्या पेशींना हा मार्ग नाही. त्यांच्या लायसोसोममध्ये वयानुसार लिपोफ्युसिन नावाचा पिवळट-तपकिरी, न पचणारा साठा वाढत जातो. प्रायोगिक गोलकृमींच्या म्हातारपणी शेकडो प्रथिने विरघळलेल्या अवस्थेतून घट्ट गोळ्यांत जातात, हे २०१० मध्ये दिसले. उंदराच्या मेंदूतील चेतापेशींत ऑटोफॅजीचे एक आवश्यक जनुक काढून टाकले, तर दुसरा कोणताही आजार नसताना त्यांत प्रथिनांचे गोळे साचतात आणि चेतापेशींचा ऱ्हास होतो, हे २००६ मध्ये जपानी गटांनी दाखवले.

हे सर्व पुरावे एका बाजूचे आहेत: मोडणी बिघडवली की म्हातारपणासारखी लक्षणे येतात. उलट बाजूचा, मोडणी सुधारली तर वृद्धत्व लांबते का याचा पुरावा अधिक मोलाचा आहे, आणि तोही काही प्रमाणात आहे. लायसोसोमच्या पडद्यावर लॅम्प-२ए नावाचे एक ग्राहक प्रथिन असते, जे ठरावीक खूण असलेली प्रथिने एकेक करून आत घेते. वयानुसार यकृतात हे ग्राहक घटतात. आना मारिया कुएर्व्हो यांच्या गटाने २००८ मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात हे ग्राहक तरुणपणीच्या पातळीवर राखले, तेव्हा निकामी प्रथिनांचा साठा घटला आणि यकृताचे काम सुधारले. गोलकृमींत प्रोटिएझोमचा एक भाग अधिक तयार होऊ दिला असता ताण सोसण्याची शक्ती वाढून आयुष्य लांबले, असे २०१२ मध्ये आढळले. बेथ लेव्हिन यांच्या गटाने २०१८ मध्ये एका प्रथिनातला एकच अमिनो आम्लाचा बदल करून ऑटोफॅजी किंचित चढी राहणारे उंदीर तयार केले, आणि ते जास्त जगले, शिवाय त्यांच्या हृदयाची व मूत्रपिंडाची वयाशी निगडित हानी कमी झाली. या पुराव्याकडे मी आदराने पाहतो. २०१३ मध्ये कार्लोस लोपेझ-ओटिन आणि सहकाऱ्यांनी वृद्धत्वाची जी नऊ लक्षणे मांडली, त्यांत प्रथिनांचा समतोल ढळणे हे एक होते. २०२३ मध्ये ती यादी बाराची झाली, तेव्हा बिघडलेली ऑटोफॅजी हे स्वतंत्र लक्षण म्हणून त्यात आले.

तरीही या सगळ्यातून ‘ऑटोफॅजी जितकी जास्त तितके चांगले’ असा निष्कर्ष निघत नाही, आणि इथे मोजमापाचा प्रश्न येतो. प्रयोगशाळेत ऑटोफॅजी पाहायला बहुधा एलसी-३ नावाचे प्रथिन मोजतात, कारण गुंडाळणाऱ्या पडद्याला ते जोडले जाते. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीच्या पट्टीवर त्याच्या दोन रेषा दिसतात आणि खालची रेषा गडद झाली की नवखा विद्यार्थी ‘ऑटोफॅजी वाढली’ असे लिहून मोकळा होतो. पण गल्लीत दाराशी कचऱ्याच्या पिशव्या जास्त दिसल्या, तर लोकांनी घर झाडून काढले असेल किंवा घंटागाडीच आली नसेल; नुसत्या पिशव्या मोजून हे कळत नाही. म्हणून तोच प्रयोग लायसोसोमचे काम रोखणारे औषध घालूनही करावा लागतो आणि दोन्हींतील फरक पाहावा लागतो. त्यासाठी वापरले जाणारे एक औषध म्हणजे मलेरियासाठी पूर्वापार दिले जाणारे क्लोरोक्विन. या फरकावरून प्रवाह कळतो, म्हणजे माल गुंडाळला गेला तेवढा प्रत्यक्षात पचलाही का, हे कळते. जर्मनीतील एका गटाने २०१७ मध्ये गोलकृमींत नेमकी हीच बाब उघड केली: प्रजननाचा काळ संपलेल्या म्हाताऱ्या कृमींत ऑटोफॅजीची सुरुवातीची पायरी बंद केली, तर त्यांचे आयुष्य घटण्याऐवजी वाढले. शेवटच्या पायऱ्या अडखळत असताना नुसती सुरुवात करत राहणे पेशीला महागात पडते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला, आणि तो मला पटतो.

आता सोळा तासांचा प्रश्न. अमिनो आम्ले आणि इन्सुलिन भरपूर असताना एमटॉर नावाचे विकर-संकुल ऑटोफॅजीला अडवून धरते, आणि ती घटली की अडवणूक सैल होते. हे पक्के आहे. पण माणसाच्या यकृतात, हृदयात किंवा मेंदूत ऑटोफॅजी सोळाव्या तासाला वेग घेते असे दाखवणारे मोजमाप झालेले नाही. उंदराला चोवीस तास उपाशी ठेवण्याचे प्रयोग भरपूर आहेत. पण उंदराच्या शरीरक्रियेचा वेग इतका जास्त असतो की त्याचा एक दिवसाचा उपवास माणसाच्या एका दिवसाशी जुळवता येत नाही. २००४ मध्ये नोबोरू मिझुशिमा यांनी चमकणारे एलसी-३ असलेले उंदीर असे उपाशी ठेवले, तेव्हा यकृत, हृदय आणि स्नायूंत गुंडाळणी स्पष्ट वाढली, मेंदूत मात्र तशी दिसली नाही. आपल्याकडील एकादशीबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. साबुदाण्यात जवळजवळ सर्व पिष्टच असते. ते खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते आणि प्रथिन मात्र मिळत नाही. म्हणजे तशा उपवासात ऑटोफॅजीला पोषक स्थितीही येत नाही आणि स्नायूंना कच्चा मालही मिळत नाही. खिचडीत शेंगदाण्याचा कूट भरपूर असेल आणि सोबत दूध-दही असेल, तर दुसऱ्या बाबीची काहीशी भरपाई होते. उपवासामागची श्रद्धा हा माझ्या उत्तराचा विषय नाही, आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे.

मातोश्रींच्या बाबतीत खरी काळजी स्नायूंची आहे. उपाशीपणी, अंथरुणाला खिळल्यावर किंवा दीर्घ आजारात स्नायूची प्रथिने मोडण्याचे काम बरेचसे त्याच युबिक्विटिन-प्रोटिएझोम मार्गाने होते. या अवस्थांत एट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही दोन ई-३ विकरे स्नायूंत भराभर वाढतात, आणि ती नसलेल्या उंदरांचे स्नायू तितके झिजत नाहीत, हे २००१ मध्ये समोर आले. उलट, स्नायूंतील ऑटोफॅजी पूर्ण बंद केली तरीही स्नायू खंगतात, हे २००९ मध्ये दिसले, कारण निकामी मायटोकॉन्ड्रिया आतच राहतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसात प्रथिन घडवण्याचा वेग आधीच मंदावलेला असतो, त्यात मोडणी वाढवली की गेलेला स्नायू सहजी परत येत नाही, आणि मग पायऱ्या चढणे, तोल सांभाळणे, पडल्यावर उठणे ही कामे जड होतात. उतरलेल्या चार किलोंत चरबी किती आणि स्नायू किती हे वजनकाट्यावर कळत नाही. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येते का आणि चालण्याचा वेग मंदावला आहे का, यावरून पुष्कळ कळते. शिवाय या वयात आपोआप उतरणारे वजन थायरॉइड, मधुमेह, क्षय अशा कारणांनीही उतरू शकते, म्हणून सगळे उपवासावर ढकलून स्वस्थ बसू नये. त्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर दीर्घ उपवासाने साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. ही गोष्ट आजच डॉक्टरांच्या कानावर घालावी.

त्यांच्यासाठी मी सुचवीन ते असे. संध्याकाळी लवकर जेवून सकाळी नाश्ता करावा, म्हणजे बारा तासांचा खंड आपोआप पडतो आणि तेवढा पुरेसा आहे. दिवसाच्या प्रत्येक जेवणात वरण, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, दूध, ताक, पनीर, आणि चालत असेल तर अंडे यांपैकी काहीतरी ठळक प्रमाणात असावे. प्रौढांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनाची आहे, आणि वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. रोज चालणे आणि आठवड्यातून काही दिवस खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे असे ताकदीचे व्यायाम करावेत. उंदरांना पळवले असता त्यांच्या स्नायूंत आणि हृदयात ऑटोफॅजी वाढते, हे लेव्हिन यांच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवले. आणि व्यायामाने मोडणीबरोबर नव्या प्रथिनांची घडणही वाढते, जी नुसत्या उपवासाने वाढत नाही. मोडणी आणि घडण एकाच वेळी जागी ठेवणारा माझ्या माहितीतला हाच एक उपाय आहे, आणि म्हणून कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मी त्याच्यावर अधिक भर देतो.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेरॅट्रॉलने भरपूर चरबीयुक्त आहारावरचे लठ्ठ उंदीर, त्याच आहारावरील इतर उंदरांपेक्षा जास्त जगले, हे २००६ चे निरीक्षण खरे आहे. साध्या आहारावरील उंदरांत मात्र नंतरच्या काळजीपूर्वक चाचण्यांत आयुष्य वाढले नाही. रेड वाइनमध्ये तो लिटरमागे काही मिलिग्रॅमच असतो, तेव्हा द्राक्षाचा अभिमान बाळगायला आपल्याकडे इतर पुष्कळ कारणे आहेत. स्पर्मिडीनने यीस्ट, माशी आणि उंदरांत उत्साहवर्धक परिणाम दिले; पण स्मरणशक्तीची तक्रार असलेल्या शंभर वयस्कर माणसांवर वर्षभर केलेल्या चाचणीत, २०२२ च्या अहवालानुसार, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा स्मरणशक्तीत फरक पडला नाही. गव्हाचा अंकुर, सोयाबीन आणि अळिंबीत ते असतेच. उंदरांचे आयुष्य खात्रीने वाढवणारे औषध म्हणजे रॅपामायसिन. ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले हे औषध २००९ मध्ये वीस महिन्यांच्या उंदरांना सुरू करूनही परिणामकारक ठरले. पण ते मूत्रपिंड-रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाणारे औषध आहे, आणि कोणी ऑनलाइन मिळते म्हणून सुचवले तर त्याला साफ नकार द्यावा.

आपल्या मुलीसाठी यीस्ट हाच उत्तम सोबती आहे. बेकरीचे यीस्ट घेऊन ते एका फ्लास्कमध्ये पूर्ण माध्यमात आणि दुसऱ्यात नायट्रोजन नसलेल्या माध्यमात ठेवावे, दोन्हींत पीएमएसएफ हे विकररोधक घालावे आणि ठरावीक तासांनी रिक्तिकेतील कण असलेल्या पेशींची टक्केवारी मोजावी. मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणता हे ठाऊक नसावे, एवढे मार्गदर्शकांनी पाहावे. ऑटोफॅजीचे जनुक नसलेला वाण मिळू शकला, तर तोच प्रयोग त्याच्यावर करून तुलना करता येईल, आणि पुढे दोन्ही वाण उपासमारीत किती दिवस जिवंत राहतात हे वसाहती मोजून पाहता येईल. जिल्ह्यातील एखाद्या वाइनरीने किण्वनातले यीस्ट दिले तर अधिकच चांगले, कारण द्राक्षरसात नायट्रोजन मुळातच बेताचा असतो आणि किण्वन रखडू नये म्हणून तो वरून द्यावा लागतो. अशा यीस्टमध्ये ऑटोफॅजी कधी सुरू होते हा प्रश्न उपयोगाचाही आहे. पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होते, म्हणून ते आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून ठेवावे आणि ऐनवेळी मिसळावे. ते विषारी असल्याने वजन करताना हातमोजे, गॉगल आणि धूरकपाट यांशिवाय त्याला हात लावू नये.